मूल व्हावं म्हणून तांबी

माझ्या लेकीच्या गर्भाच्या पिशवीची चौकशी एके काळी फुलपाड्यातला अख्खा जिना करत होता. तळमजल्यावरचा किराणावाला तेवढा विचारायचा राहिला होता, तोही लाजाळू होता म्हणून. आणि एवढ्या चौकशीत कोणालाच खरी गोष्ट माहीत नव्हती.

मी अर्नाळ्याची. चौथीपर्यंत शाळा, त्यानंतर मासळीची पाटी. तुळिंजच्या बाजारात माझी बसायची जागा ठरलेली. लेक मात्र बारावी झाली, आणि शिकलेल्या पोरीला शिकलेला नवरा हवा म्हणून आम्ही ती विरारला दिली. जावई मुंबईत एका ऑफिसात कारकून, फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि वर गॅलरी. स्थळ बघायला गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याला मुलापेक्षा गॅलरीच जास्त पसंत पडली होती.

विहीणबाई काही परक्या नव्हत्या. आमच्याच वस्तीतल्या, आमच्याच जातीच्या. त्यांच्या आईची पाटी बाजारात माझ्या आईच्या पाटीला लागून असायची. पण माणूस फ्लॅटमध्ये राहायला गेलं की त्याला अशा जुन्या रिती आठवायला लागतात, ज्या त्याच्या घरात कधी नव्हत्याच. शेजारी घाटावरच्या आणि कोकणातल्या नोकरदारांच्या बायका. त्यांच्यात आपण कमी दिसू नये म्हणून विहीणबाईंनी सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढे उडी मारली. स्वयंपाकघरात देव्हारा आला. सोमवार आला, गुरुवार आला. घरातून सुकट गेली. आणि सुनेनं महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं, हेही आलं.

आमच्यात कोण बसतं? होडी किनाऱ्याला लागली की मासळी बाईच्या तारखा विचारत नाही. विहीणबाई स्वतः तरुणपणी त्याच दिवसांत डोक्यावर पाटी घेऊन वाळूतून धावत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पण ते आता बोलायचं नव्हतं. आता त्या गॅलरीवाल्या झाल्या होत्या.

तर गॅलरीत एक चटई, एक ताट, एक तांब्या आणि रस्त्यावरून दिसू नये म्हणून बांधलेली जुनी चादर. लेकीनं तिथे बसायचं. सासूनं लांबून ताट सरकवायचं. घरात दोघीच बायका, त्यामुळे त्या दिवसांत पाण्यापासून भांड्यांपर्यंत सगळं विहीणबाईंच्या अंगावर. फुलपाड्यात तेव्हा पाणी टँकरनं यायचं आणि टँकर तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. पण धर्म म्हटल्यावर कष्ट आलेच. सोय अशी की कोणाची पाळी कधी आली, हे सगळ्या बिल्डिंगला चादरीवरून कळायचं.

लग्नानंतर वर्षभरात लेकीला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात तिचं पोट खाली झालं. जवळच एक नर्सिंग होम होतं, तिथे नेली. डॉक्टरांनी पिशवीची सफाई केली. घरी आणली तर रक्त थांबेना. परत नेली. आत काही राहिलंय म्हणाले आणि परत सफाई केली. या वेळी बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "आता एकदम स्वच्छ." मीही खूश झाले. स्वच्छ म्हटल्यावर कोण नाराज होईल? भांडं घासतात तसं घासलं असेल, हे माझ्या मनात आलं नाही.

पुढच्या महिन्यात तारीख आली, पण लेक गॅलरीत गेली नाही. जायला कारणच नव्हतं, काही आलंच नव्हतं. विहीणबाईंनी दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी पेढे आणले. डॉक्टरला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. चादर सुटलेली म्हणजे सून गरोदर, एवढा साधा त्यांचा हिशेब. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पेढे फिरले. मलाही बाजारात पुडा आला. मग लघवी तपासली. काही नव्हतं. विहीणबाई प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून आल्या, "आमच्या सुनेनं फसवलं हो." जणू पोरीनंच पेढे मागवले होते.

त्याच्या पुढच्या महिन्यापासून लेक वेळच्या वेळी गॅलरीत बसायला लागली. सगळं सुरळीत झालं असं सगळ्यांना वाटलं. मूल तेवढं होईना.

मग डॉक्टर सुरू झाले. एक विरारचा, एक नालासोपाऱ्याचा, एक कोणाच्या तरी ओळखीचा. सगळ्यांकडे विहीणबाई बरोबर. डॉक्टर विचारायचा, "पाळी नियमित?" विहीणबाई छाती पुढे काढून सांगायच्या, "घड्याळासारखी." डॉक्टर लिहायचा. तो लिहीपर्यंत लेक जमिनीकडे बघत बसायची. मग बीज फुटायच्या गोळ्या, मग इंजेक्शनं. जावयाचीही तपासणी झाली. ती करायला त्याला इतका धीर लागला, की मला वाटलं सरकारनं त्याला पदक द्यावं. त्याच्यात काही खोट नव्हती. हे कळल्यावर विहीणबाईंनी परत सगळे मजले घेतले.

देवही झाले. वसईच्या माणसाची एक बरी गोष्ट आहे, देवाच्या बाबतीत तो भेद करत नाही. विहीणबाईंनी डोंगरावरच्या देवीला खण वाहिला, दर्ग्यावर चादर चढवली, आणि वसई गावातल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. चर्चमध्ये जाताना सोवळं कुठे ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही.

लेकीच्या पोटात मात्र दर महिन्याला कळ यायची. गॅलरीत पोटाशी पाय घेऊन पडलेली असायची. मी एकदा गेले तेव्हा विहीणबाईंना म्हटलं, "एवढं दुखतं ते डॉक्टरला सांगितलं का?"

"बाईच्या जातीला दुखायचंच, विहीणबाई. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

असं दीडेक वर्ष गेलं असेल. एका दिवाळीला विहीणबाई स्वतः तुळिंजला माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सुकटीचं नाव काढायची नाही अशी ही बाई, नाकाला पदर लावून मासळी बाजारात. मी समजले, काहीतरी शिजलंय.

"पालघरच्या बाजूला एक मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "गरीब माणसं आहेत. मुलगी चांगली आहे."

"कोनाला?"

"आता माझा एकच मुलगा आहे, विहीणबाई."

"आनि माझी लेक?"

"तिला काय आम्ही टाकणार आहोत का? ती पण राहील. बहिणीसारख्या राहतील दोघी."

कसलं मोठं मन! दोन खोल्यांत दोन बायका, आणि महिन्यात आठ दिवस गॅलरी भरलेली. कायद्याचं मी बोलले तर म्हणाल्या, कायदा काय फुलपाड्यात येऊन बघतो का. हातात कोयता होता, तो मी बाजूला ठेवला. माझी जाऊ शेजारीच बसते, तिनं हळूच तो आणखी लांब सरकवला.

मी एवढंच मागितलं, की अजून एक डॉक्टर बघू. विहीणबाई म्हणाल्या, होळीपर्यंत. होळीनंतर त्या पालघरच्या माणसांना शब्द देणार. म्हणजे माझ्या लेकीचा संसार आता होळीपर्यंत. तेवढ्यात तिच्या पिशवीनं काय ते करून दाखवायचं.

माझं एक गिऱ्हाईक होतं, एव्हरशाईन सिटीतली शाळामास्तरीण. पापलेट घेताना कल्ले उघडून बघायची आणि मग दहा प्रश्न विचारायची. तिनं मला वसईची एक डॉक्टरीण सांगितली. "ती माझ्यासारखी आहे," म्हणाली. "विचारून विचारून डोकं खाते." मी म्हटलं, खाऊ दे, आमच्याकडे न खाल्लेली डोकी पुष्कळ आहेत.

गेलो चौघं. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, आवाज मऊ, नजर मऊ नाही. त्यांनी लेकीकडे बघून विचारलं, "पाळी कशी येते?"

"घड्याळासारखी," विहीणबाई म्हणाल्या.

"किती दिवस?"

"चार. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी."

"अंगावरून जास्त जातं की कमी?"

इथे विहीणबाई अडल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा पंख्याकडे पाहायला लागला.

मी म्हटलं, "आता ते तिलाच ठाऊक असनार."

"मग तिलाच विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तिघं बाहेर बसा."

"मी सासू आहे हिची."

"हो, दिसतं ते. बाहेर बसा."

"मी आई हाय," मी म्हटलं.

"तुम्ही पण."

बाहेर बाकड्यावर आम्ही दोघी विहिणी शेजारी शेजारी. जावई उभा राहिला, कारण बसला असता तर मध्ये बसावं लागलं असतं.

"एवढं काय विचारत असेल?" विहीणबाई म्हणाल्या.

"बोलवून सांगेल की."

"माझ्या घरात लपवण्यासारखं काही नाही, बरं का."

"दोन खोल्यांत लपवनार कुठे?"

बराच वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा लेकीचे डोळे लाल होते, पण मान वर होती. बऱ्याच दिवसांनी तिची मान वर बघितली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बसवलं. म्हणाल्या, "हिनं सांगायला हो म्हटलंय म्हणून सांगते. दुसऱ्या सफाईनंतर हिला पाळी आलीच नाही म्हटलं तरी चालेल. कधीतरी एखादा डाग. पोटात मात्र महिन्याच्या महिन्याला दुखतं."

विहीणबाई खुर्चीतून उठल्या. "खोटं आहे हे! मी माझ्या हातानं ताट सरकवते तिला गॅलरीत!"

डॉक्टरीणबाईंना गॅलरीचं काही कळलं नाही. ते जावयानं समजावून सांगितलं, खाली मान घालून, जमेल तेवढ्या कमी शब्दांत. त्या ऐकत राहिल्या आणि मग विहीणबाईंना म्हणाल्या, "ताट सरकवलंत. आणखी काही बघितलंत का?"

बघणार कसं? तेच तर बघायचं नसतं. बाई बाजूला बसली, एवढं बघायचं आणि तोंड फिरवायचं. दीड वर्ष विहीणबाई चादरीकडे बघून डॉक्टरांना पाळी सांगत होत्या, आणि डॉक्टर विहीणबाईंकडे बघून गोळ्या देत होते.

"का गं केलंस असं?" जावयानं विचारलं. बायकोला त्यानं चारचौघांत विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

लेक म्हणाली, "पहिल्यांदा आली नाही तेव्हा पेढे वाटले. नंतर जिन्यात कोणाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. परत तसं नको म्हणून मी कॅलेंडर बघून बसायला लागले."

"आणि कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलं नाही." मग म्हणाली, "आणि बरं वाटायचं. तेवढे चार दिवस पाणी भरायला लागायचं नाही. पडून राहिलं तरी कोणी उठवायचं नाही."

"आनि पानी कोन भरत होतं मग?" विहीणबाई ओरडल्या. "मी भरत होते! माझे गुडघे गेले इथे!" रागाच्या भरात त्यांची फ्लॅटमधली भाषा एकदम अर्नाळ्याला परत गेली. सून दीड वर्ष दुखण्यानं तळमळत होती, याचं काही नाही. न आलेल्या पाळीसाठी आपण हंडे उचलले, हा घाव मोठा.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेरूसारखं एक चित्र काढलं. म्हणाल्या, पिशवीला आतून मऊ अस्तर असतं. महिनाभर ते वाढतं आणि गळून जातं, तीच पाळी. सफाईत ते खोलवर खरवडलं गेलं तर आत जखमा होतात. समोरासमोरच्या दोन भिंतींवरच्या जखमा भरताना एकमेकींना चिकटतात. मग पाळी कमी येते किंवा येतच नाही, आणि गर्भाला रुजायला जागा राहत नाही. बीज कितीही फोडा, इंजेक्शनं कितीही द्या, बी टाकायचं कुठे?

"मग त्या डॉक्टरानं वाट लावली म्हना," मी म्हटलं.

"रक्त थांबत नसेल तर सफाई करावीच लागते," त्या म्हणाल्या. "आणि असं चिकटणं चांगल्या हातूनही होतं, दोनदा करावं लागलं की जास्त. पण नंतर पाळी येईनाशी झाली, तेव्हाच कोणी नीट विचारलं असतं तर एवढे दिवस वाया गेले नसते." असं म्हणून त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांचं ते शिक्षण होतं. मी मात्र विहीणबाईंकडे भरपूर पाहून घेतलं.

मग एक एक्स-रे काढला. खालून नळीनं औषध सोडतात आणि ते पिशवीत कसं पसरतं ते बघतात. लेकीनं दात आवळून सोसलं. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली. म्हणाल्या, इथे पूर्ण तिकोन दिसायला हवा होता. दिसत होती उंदरानं कुरतडलेली भाकरी. पण सगळी जागा बंद नव्हती. वरच्या बाजूला थोडं अस्तर शिल्लक असावं, त्यातूनच दर महिन्याला कळ येत असणार, असं त्या म्हणाल्या. "दुखतंय ही एका अर्थी बरी खूण आहे. आत काहीतरी जिवंत आहे." बाईच्या जातीला दुखायचंच म्हणून सोडून दिलेलं दुखणं ते. तेच सगळ्यात कामाचं निघालं.

बाजारात जावेनं विचारलं, "म्हंजे पोरीच्या पोटात काय गोंद लागला?"

"ओले बोंबील एकावर एक टाकून इसरलीस तर काय होतं?"

"चिकटतात की."

"आनि मग ओढून सोडवलेस तर?"

"सालपट निघतं."

"तेच. म्हनून ओढायचं नाय, खरवडायचं नाय. आत दुर्बीन घालून, डोळ्यांनी बघून, बारीक कातरीनं सोडवायचं."

समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं हातातले बोंबील गुपचूप खाली ठेवले आणि कोळंबी मागितली.

दुर्बिणीचे डॉक्टर मुंबईहून वसईला ठरलेल्या वारी यायचे. ऑपरेशनच्या कागदावर जावयानं सही केली. कोणी चिमटा न काढता. आतून बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बरंच सोडवता आलंय, एका कोपऱ्यात जरा घट्ट होतं, तिथे पिशवीला भोक पडायचं भय होतं म्हणून बेतानं केलंय. अस्तर वाढायला गोळ्या. आणि सोडवलेल्या भिंती परत चिकटू नयेत म्हणून मध्ये एक लूप ठेवलाय, दोनेक महिन्यांनी काढू.

लूप म्हटल्याबरोबर विहीणबाईंचा चेहरा बदलला. लूप कोणाला माहीत नाही? आमच्या तरुणपणी सरकारी बायका घरोघर फिरून लूप बसवून घ्या म्हणून मागे लागायच्या. तीच पुढे तांबी झाली. मूल नको असेल त्यांनी बसवायची वस्तू.

"तांबी बसवली?" विहीणबाई म्हणाल्या. "मूल होत नाही म्हणून आणलेल्या बाईला तांबी?"

"ह्यात तांबं नाही, नुसतं प्लॅस्टिक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भिंती दूर ठेवायला."

"नाव काही ठेवा, काम तेच. होळी आली तोंडावर!"

"होळीचं काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांना बिचारीला काय माहीत. त्यांना वाटलं, पोळ्या करायला सून लागते म्हणून विचारतात. म्हणाल्या, "होळीपर्यंत ती घरकाम करू शकेल."

विहीणबाईंची खात्री पटली, की मी आणि डॉक्टरीण मिळून वेळ काढतोय. होळीपर्यंत पोटात तांबी असली की मूल राहायचा प्रश्नच नाही, आणि मूल राहिलं नाही की दोष डॉक्टरचा, सुनेचा नाही. एवढं डोकं मला असतं तर मी मासळी कशाला विकली असती? फुलपाड्याच्या जिन्यात दोन पक्ष पडले. पहिला मजला म्हणे, हे कधी ऐकलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कोकणातल्या काकू म्हणाल्या, त्यांच्या भाच्याच्या कानाचं भोक बुजायला लागलं तर त्यात काडी घालून ठेवली होती, तसंच असेल. सगळ्या जिन्यात तेवढी एकच बाई विचार करून बोलली.

होळी झाली. आमच्याकडे होळीला नाच-गाणं असतं, मी त्या वर्षी गेले नाही. विहीणबाईंनी शब्द अजून दिला नव्हता, पण पालघरचा माणूस एकदा येऊन चहा पिऊन गेला. लेकीनंच चहा केला. कोणासाठी करतेय ते तिला माहीत होतं. साखर बरोबर घातली म्हणाली मला. मी असते तर मीठ घातलं असतं.

गोळ्यांचा पहिला फेरा संपला आणि आमच्या आळीतल्या दुकानात तिचा फोन आला. दुकानदारानं हाक मारली, मी हातातली मासळी टाकून धावले.

"आई, आली."

"कोन आली?"

"अगं आली. नीट आली. चांगली आली."

त्या दुकानात उभी राहून मी रडले. दुकानदारानं विचारलं, कोण गेलं? काय सांगणार त्याला? माझ्या लेकीला पाळी आली म्हणून रडतेय म्हटलं असतं तर त्यानं परत कधी फोनला बोलावलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी फुलपाड्याला गेले. गॅलरीत चादर नव्हती. लेक स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या समोर, भाकऱ्या थापत होती. विहीणबाई दारात उभ्या, आत येववत नाही आणि बाहेर जाववत नाही, अशा.

"बघा तुमची लेक," त्या मला म्हणाल्या. "आली नव्हती तेव्हा बसत होती, आणि आता आली तर चुलीपाशी! मला कळायचं कसं मग, खरंच आली का ते?"

"डॉक्टरीणबाईंना विचारा," लेक म्हणाली. "मी सांगितलंय त्यांना."

"देव विटाळला माझा."

"देवाला गॅलरीत नेऊ का चार दिवस?"

मी असं शिकवलं नव्हतं. मला सुचलंच नसतं. संध्याकाळी जावई आला. विहीणबाईंनी त्याला दारातच सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "ठरव आता. हिच्या हातचं जेवायचं की माझं ऐकायचं." जावयानं बूट काढले, पाय धुतले, पाटावर बसला. लेकीनं ताट वाढलं. त्यानं भाकरी मोडली आणि खाल्ली. दुसरी मागितली. आणि मग ताटाकडे बघत, पण ऐकू येईल असं म्हणाला, "आई, त्या पालघरवाल्यांना नाही म्हणून कळव."

बस, एवढंच. लग्नात मी त्याला जे जे दिलं होतं, ते मला त्या दिवशी फिटल्यासारखं वाटलं.

लूप काढला, दुर्बीण परत घालून बघितलं. एका कोपऱ्यात थोडं परत चिकटलं होतं, ते सोडवलं. बाकी जागा मोकळी. डॉक्टरीणबाईंनी कशाचंही वचन दिलं नाही. त्या म्हणाल्या, जागा तयार आहे, राहील की नाही ते सांगता येत नाही, आणि राहिलंच तर मूल झाल्यावर वार सुटून न येता पिशवीला चिकटून बसायचं भय असतं, म्हणून बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात करायचं. असं आधीच वाईट सांगणारी डॉक्टरीण विहीणबाईंना अपशकुनी वाटली. मला ती बरी वाटली. "एकदम स्वच्छ" म्हणणारे आम्ही पाहिले होते.

पुढच्या गणपतीनंतर दिवस राहिले. या वेळी पेढे नाहीत. लेकीनं सांगूनच ठेवलं होतं, की घरात पेढ्याचा पुडा दिसला तर ती अर्नाळ्याला निघून येईल. विहीणबाईंनी कशी कळ काढली त्यांनाच माहीत. पण जिन्यानं काही न सांगता ओळखलं. सुटलेल्या तोंडाला कुलूप लागलंय म्हणजे काहीतरी आहे.

बाळंतपण मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात झालं. मूल आलं, पण वार सुटेना. एका ठिकाणी धरून बसली. आत धावपळ सुरू झाली, रक्ताच्या बाटल्या आत गेल्या. बाहेर आम्ही. एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेला, की रक्त थांबलं नाही तर पिशवी काढावी लागेल, घरच्यांनी तयारी ठेवावी. तयारी म्हणजे काय करायची असते ते तो बोलला नाही. आम्ही दोघी विहिणी एकमेकींचा हात धरून बसलो होतो. कोणी आधी धरला ते मला आठवत नाही, आणि त्यांना विचारायची इच्छा नाही.

अखेर तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. एप्रनवर रक्त होतं, पण चेहरा निवलेला.

विहीणबाईंनी विचारलं, "काय झालं, मुलगा का मुलगी?"

मी विचारलं, "माझी लेक कशी हाय?"

डॉक्टरीणबाईंनी माझं उत्तर आधी दिलं. लेक शुद्धीवर आहे, वार हातानं हळूहळू सोडवली, रक्त थांबलं, पिशवी शाबूत आहे. मग विहीणबाईंना म्हणाल्या, "मुलगी." विहीणबाईंच्या चेहऱ्यावर एक सावली आली आणि गेली. गेली हेही सांगायला हवं, नाहीतर मी खोटं लिहिलं असं होईल.

थोड्या वेळानं लेकीला वॉर्डात आणलं. पांढरीफटक, ओठ सुकलेले. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, पुढच्या वेळी वार आणखी खोल धरू शकते, जिवावर बेतू शकतं, तेव्हा दुसऱ्या मुलाचा विचार फार जपून करा.

"बघू," विहीणबाई म्हणाल्या. "अजून वय आहे."

"बघायचं नाही," लेक उशीवरून म्हणाली. आवाज जेमतेम निघाला. "एकच हवं होतं. झालं."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मीच शिकवून पाठवल्यासारखं. जावई पाळण्यात वाकून पोरीचे कान बघत होता. मी थर्मासचं झाकण काढलं आणि पेज वाटीत ओतली. कोमट होती, लेकीला पिता येईल एवढी.